ग्रामीण रुग्णालयातली नाइट ड्युटी आणि एनक्लेक्स: एका परिचारिकेचं प्रकरण

चंद्रपूर जिल्ह्यात, तेलंगणच्या हद्दीला लागून असलेल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ती कंत्राटी स्टाफ नर्स आहे. शिक्षण जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीचा डिप्लोमा. अनुभव प्रसूती कक्षाचा, जनरल वॉर्डाचा आणि रात्री दाराशी जे येईल त्या सगळ्याचा. अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करण्यासाठी जी एनक्लेक्स-आरएन परीक्षा द्यावी लागते, त्यात ती पहिल्या वेळी नापास झाली आणि दुसऱ्या वेळी पास झाली. मी नर्सिंग शिकवते. दोन परीक्षांच्या मधला तिचा अभ्यास मी जवळून पाहिला. तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून हे प्रकरण मांडते आहे, कारण तिच्या नापास होण्याचं कारण अभ्यास कमी पडणं हे नव्हतं. अनुभवही कमी नव्हता. उलट काही विषयांत अनुभवच आडवा आला.

आपल्याकडे जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगची शेवटची परीक्षा पास झालो की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते आणि काम करण्याचा अधिकार मिळतो. अमेरिकेत शिक्षण एकीकडे, परवाना दुसरीकडे. तिथल्या राज्यांच्या नर्सिंग मंडळांची मिळून एनसीएसबीएन ही संस्था आहे, ती ही परीक्षा घेते. परीक्षा संगणकावर असते आणि संगणक तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न निवडतो. बरोबर आलं की जरा कठीण, चुकलं की जरा सोपा. कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न, वेळ पाच तास. तुम्ही पासच्या रेषेच्या वर आहात की खाली, याची 95 टक्के खात्री पटली की संगणक परीक्षा थांबवतो. एकदा उत्तर दिलं की मागे जाता येत नाही. दहा मार्कांचा प्रश्न पाहून दोन पानं लिहिणाऱ्या, उरलेल्या वेळात मागे जाऊन टीप वाढवणाऱ्या आपल्या मुलींना हे पचायलाच वेळ लागतो.

एप्रिल 2023 पासून परीक्षेचं रूप आणखी बदललं. आता एकाच रुग्णाची माहिती टप्प्याटप्प्याने उघडत जाते आणि त्यावर सहा प्रश्न येतात. अशी तीन प्रकरणं प्रत्येकीला सोडवावीच लागतात. सहा प्रश्न म्हणजे विचाराच्या सहा पायऱ्या: कोणती लक्षणं महत्त्वाची ते ओळखणं, त्यांचा अर्थ लावणं, कोणता धोका आधी ते ठरवणं, उपाय शोधणं, कृती करणं आणि परिणाम तपासणं. अनेक उत्तरं बरोबर असलेल्या प्रश्नांत आता प्रत्येक बरोबर निवडीला गुण मिळतो, चुकीच्या निवडीला कापला जातो, फक्त एकूण शून्याच्या खाली जात नाही. पूर्वी एक निवड चुकली की सगळा प्रश्न जायचा. यूट्यूबवरचे जुने मराठी-हिंदी व्हिडिओ अजून तोच जुना नियम शिकवतात, आणि खेड्यातल्या मुलींचा पहिला गुरू यूट्यूबच असतो.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगते, पण त्यातली एक अडचण आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक लग्न झालेल्या सिस्टरला येणार आहे. तिचा डिप्लोमा आणि कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने. पासपोर्ट लग्नानंतर काढलेला, म्हणून सासरच्या नावाने. परीक्षेला बसण्याच्या परवानगीपत्रावर जे नाव असेल तेच ओळखपत्रावर असावं लागतं, नाहीतर केंद्रावरून परत पाठवतात आणि भरलेली फी बुडते. तिने सुरुवातीला मार्कशीट पाहून अर्ज भरला होता. पैसे भरायच्या आधी तिच्या दिराने, जो सेतू केंद्र चालवतो, हे बरोबर पकडलं. मग अर्ज पासपोर्टच्या नावाने केला, जुनं नाव वेगळ्या रकान्यात लिहिलं आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडलं. दुसरी कटकट तासांची होती. शिक्षणात बालरुग्ण, प्रसूती, मनोरुग्ण, शल्य या प्रत्येक विषयाचे वर्गातले किती तास आणि वॉर्डातले किती, हे तिच्या नर्सिंग स्कूलने भरून थेट परदेशी शिक्षणाचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेला पाठवायचं होतं. तिच्या शाळेत असा फॉर्म त्याआधी कोणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे कितीतरी फेऱ्या झाल्या. एएनएमची, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रमाची, दोन वर्षं आरएनसाठी (रजिस्टर्ड नर्ससाठी) चालत नाहीत, हेही इथेच सांगून टाकते. हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच.

फी 200 डॉलर, आणि अमेरिकेबाहेर केंद्र घेतलं तर वरून 150 डॉलर आणि कर. कागदपत्रांच्या मूल्यमापनाचे डॉलर वेगळे. कंत्राटी पगारात हे पैसे कुठून आले ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिच्या गळ्यातली पोत काही महिने दिसली नाही एवढं खरं.

पहिली परीक्षा संगणकाने शेवटपर्यंत ओढली, 150 प्रश्न. बाहेर आल्यावर तिला वाटलं की इतके प्रश्न आले म्हणजे गेलीच. ही समजूत सगळीकडे आहे आणि तिच्यात अर्थ नाही. 85 वर थांबलेली मुलगी पासही असते, नापासही. लांबलेली परीक्षा एवढंच सांगते की उमेदवार रेषेच्या आसपास आहे आणि संगणकाला खात्री होत नाहीये. दुसरी एक समजूत अशी की परीक्षेनंतर पुन्हा नोंदणी करून बघायची, कार्डावरून पैसे कापले गेले नाहीत तर पास. त्यावर विसंबून कोणी पेढे वाटू नयेत.

निकाल नापास आला. पण नापास झालेल्यांना एक कागद मिळतो आणि तोच या प्रकरणाचा कणा आहे. परीक्षेच्या आठ विभागांपैकी प्रत्येकात तुम्ही पासच्या पातळीच्या वर, जवळ की खाली, ते त्यात लिहिलेलं असतं. गुण नसतात. तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली. शरीरात बिघाड झाल्यावर काय करायचं, त्या विभागात ती वर होती. धोका कमी करण्याच्या विभागात वर. औषधांत जवळ. आणि खाली कुठे? काळजीचं व्यवस्थापन, संसर्ग व सुरक्षितता, आणि मानसिक-सामाजिक विभाग. 2023 च्या आराखड्यात काळजीच्या व्यवस्थापनाचा वाटा 15 ते 21 टक्के आहे, आठही विभागांत सर्वांत मोठा. सुरक्षिततेचा 10 ते 16. म्हणजे जिथे प्रश्न जास्त तिथेच ती घसरली होती.

तिचं म्हणणं होतं की पुस्तक परत पहिल्यापासून वाचते. मी नको म्हटलं. त्याऐवजी सराव प्रश्नांपैकी चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी वहीत तीन रकाने करायला सांगितले. पहिल्यात माहितीच नव्हती ते प्रश्न. दुसऱ्यात घाईने वाचलेले. तिसऱ्याला तिनेच नाव दिलं, ‘आमच्या इथं’. म्हणजे आमच्या दवाखान्यात असं करतात म्हणून दिलेलं उत्तर. पंधरवड्यात तिसरा रकाना बाकी दोन्हींच्या पुढे गेला.

त्या रकान्यातला एक प्रश्न इथे माझ्या शब्दांत देते. चार रुग्ण आहेत. एक सिकलसेलचा (रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा) तरुण, वेदना दहापैकी नऊ, हिमोग्लोबिन 7.8. दुसरी पित्ताशयाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस असलेली बाई, ताप 100.2. तिसरे न्यूमोनियाचे आजोबा, सकाळी नीट बोलत होते, आता चुळबुळ करतायत आणि मुलाला ओळखत नाहीत. चौथ्या रुग्णाला घरी सोडायचंय, इन्सुलिन घ्यायला शिकवायचं राहिलंय. आधी कोणाकडे जाल?

तिने सिकलसेल निवडला. पूर्व विदर्भातल्या कुठल्याही सिस्टरने तोच निवडला असता. गडचिरोली-चंद्रपूरच्या वॉर्डांत सिकलसेलची पोरं वर्षभर येतात. ती कशी कळवळतात हे तिने पाहिलंय, त्यांना सलाईन लावून रात्रभर शेजारी बसलेली आहे. “मॅडम, ते पोरगं कसं तडफडते ते म्या पायलं हाय ना,” ती म्हणाली. तिला सिकलसेलची माहिती उत्तम आहे, आणि हीच माहिती नीट वापरली तर उत्तर उलटं येतं. सिकलसेलमध्ये 7.8 हिमोग्लोबिन ही त्या रुग्णाची रोजची पातळी असू शकते. वेदना भयंकर आहे, पण या आजारात अपेक्षित आहे. आजोबांची चुळबुळ नवी आहे, अपेक्षित नाही, आणि ऑक्सिजन कमी पडू लागल्याची ती पहिली खूण असू शकते. आधी आजोबा. लगेच मागोमाग तो तरुण, कारण त्याची वेदना खोटी नाही.

जुनं आणि नवं, अपेक्षित आणि अनपेक्षित हा फरक तिला ड्युटीवर कळत नाही असं नाही. रात्री तीन वाजता ती तो बरोबर करते. कागदावर मात्र तिला पोरगं दिसत होतं, आजोबा दिसत नव्हते.

दुसरी सवय जास्त खोल होती. ग्रामीण रुग्णालयात रात्री एक सिस्टर, एक कक्षसेवक, डॉक्टर ऑन कॉल. गंभीर रुग्ण आला की डॉक्टरांना फोन, 108 ला फोन, चंद्रपूरला रेफर. ही शिस्त चुकीची नाही, तिथे तीच जीव वाचवते. पण परीक्षेत ‘डॉक्टरांना कळवा’ हा पर्याय बहुतेक वेळा सापळा असतो, कारण आधी तुमच्या हातात असलेलं काम करायचं असतं. रक्त चढवताना थंडी वाजून ताप भरला तर आधी रक्त बंद, मग नव्या नळीने सलाईन, मग फोन. दम लागलेल्या रुग्णाला आधी बसतं करून ऑक्सिजन, मग फोन. तिने एकदा वैतागून विचारलं, “मंग डॉक्टरले सांगूच नोको का?” सांगायचं. रुग्णाच्या पलंगापासून फोनपर्यंत जाण्याआधी काय केलं, एवढंच परीक्षा विचारते.

या उलटही होतं. जे काम दुसऱ्याला द्यायला हवं ते ती स्वतःकडे ठेवायची. अमेरिकेच्या वॉर्डात आरएनच्या हाताखाली प्रॅक्टिकल नर्स (आरएनपेक्षा कमी शिक्षणाची परिचारिका) असते आणि सहायक असतात. स्थिर रुग्णाचे व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप, श्वास), अंघोळ, चालवणं हे सहायकाला द्यायचं. पहिली तपासणी, रुग्णाला शिकवणं, परिणाम जोखणं हे आरएनने कधीच खाली द्यायचं नाही. आमच्या सिस्टरने आयुष्यात कोणाला काम वाटून दिलेलं नाही, कारण वाटायला माणूसच नसतो. कक्षसेवक ट्रॉली ढकलतो, बाकी सगळं तिचं. त्यामुळे प्रत्येक प्रश्नात ती ‘स्वतः करा’ निवडायची आणि चुकायची. यासाठी कुठलंही पुस्तक उपयोगी पडलं नाही. मी तिला तिच्याच वॉर्डाची कालची रात्र कागदावर मांडायला लावली आणि म्हटलं, समज तुझ्याकडे आज तीन माणसं जास्त आहेत, वाटून दे. पहिल्यांदा तिने तिघांनाही आपल्याबरोबर बीपी घ्यायला नेलं. पुढे जमलं.

संसर्गाच्या विभागात गाडी क्षयरोगावर अडली. डॉट्सच्या गोळ्या, थुंकीची तपासणी, घरातल्या लहान मुलांची चौकशी हे तिला पाठ. पण तिच्या वॉर्डात क्षयाचा रुग्ण खिडकीजवळच्या खाटेवर असतो, खिडकी उघडी आणि तोंडाला रुमाल. परीक्षेत त्याला ऋण दाबाची, म्हणजे आतली हवा बाहेर पसरू न देणारी खोली हवी, आत जाणाऱ्याला एन-95 हवा. गोवर, कांजण्या त्याच, हवेतून पसरणाऱ्यांच्या गटात. मेंदूज्वराचा एक प्रकार मात्र खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून पसरणाऱ्यांच्या गटात, तिथे साधा मास्क पुरतो. जुलाबाच्या एका जंतूला सॅनिटायझर दाद देत नाही, साबण-पाणीच लागतं. हे पाठांतराचंच काम होतं आणि तिने ते आठवडाभरात उरकलं. परीक्षेतलं रुग्णालय सगळ्या सोयींचं असतं, तिथे ‘खोली नाही’ हे कारण चालत नाही, एवढं डोक्यात बसल्यावर हा विभाग सुटला.

मानसिक-सामाजिक विभागाने आमची खरी भांडणं लावली. स्तनाचा कर्करोग निघालेली बाई रडतेय, नर्स काय म्हणेल? आमच्या सिस्टरचं उत्तर, ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल.’ चूक. “काहून चूक? पेशंटले धीर नाई देवाचा का?” बरोबर उत्तर असं की तुम्हाला कशाची भीती वाटतेय ते सांगाल का, असं विचारून शेजारी बसणं. खोटी आशा दिली की बाईचं बोलणं तिथेच थांबतं, हा त्यामागचा विचार. तिला हे पटलं नाही, आणि मलाही पूर्ण पटत नाही. आपल्याकडे सिस्टरने पाठीवर हात ठेवून ‘काही होत नाही बाई’ म्हटलं की पुष्कळजणींना बळ येतं. पण परवाना ज्यांचा, रीत त्यांची. त्याहून अवघड होतं ते नातेवाइकांचं. आपल्याकडे रिपोर्ट आधी नवऱ्याला किंवा भावाला सांगतात, बाईला नंतर, जमेल तेवढं. परीक्षेत रुग्णाच्या परवानगीशिवाय सख्ख्या मुलालाही काही सांगता येत नाही. इथे मात्र मी परीक्षेच्या बाजूची आहे आणि तसं तिला स्पष्ट सांगितलं.

अनुभव जिथे कामी आला तीही यादी छोटी नाही. गरोदरपणातल्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट तिने स्वतःच्या हाताने कितीदा दिलंय. आपल्याकडे रेफर करण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, परीक्षेत पंपावर शिरेतून. पद्धत वेगळी, पण गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासणं, श्वास मोजणं, लघवी मोजणं आणि विषबाधा झाली तर कॅल्शियम ग्लुकोनेट हे सगळं तेच. श्वास बारापेक्षा कमी झाले की औषध थांबवायचं, हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही. फवारणीच्या विषबाधेचंही तसंच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी-मजूर मेले, तेव्हापासून कापूसपट्ट्यातली प्रत्येक सिस्टर अ‍ॅट्रोपिनचा, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याचा हिशेब ओळखते. लाळ, घाम, बारीक बाहुल्या, छातीत घरघर हे चित्र प्रश्नात आलं की ती पर्याय वाचायच्या आधी उत्तर सांगायची. डोस पुरेसा झाला हे छाती कोरडी झाल्यावरून ओळखायचं, नुसत्या बाहुल्यांवरून नाही, हेही तिला ठाऊक होतं.

औषधांत भोकं होती ती न हाताळलेल्या औषधांची. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन आणि त्यासाठीची आयएनआर तपासणी, मनोविकारावरच्या लिथियमची रक्तातली पातळी, वेदनाशामकाचा पंप जो रुग्ण स्वतः दाबतो. शिरेतून पोटॅशियम कधीही थेट ढकलायचं नाही हे तिला माहीत होतं, पण तासाला किती जाऊ द्यायचं ते पंपाशिवाय काम केलेल्या बाईला कुठून माहीत असणार? ही यादी भिंतीवर चिकटवली, रोज चार.

अभ्यासाची वेळ ड्युटीवर अवलंबून. नाइटच्या आठवड्यात काहीच नाही, हे आम्ही आधीच मान्य केलं आणि त्यामुळे तिचा अपराधीपणा गेला. बाकी दिवशी पहाटे, सासूबाई चहा ठेवेपर्यंत. वीज जायची म्हणून मोबाईल रात्रीच चार्ज. प्रश्नसंच ऑनलाइन होता आणि घरात रेंज एकाच कोपऱ्यात, म्हणून ती तिथेच स्टूल टाकून बसायची. मी एकच अट घातली होती. रोज प्रश्न थोडे, पण बरोबर आलेल्याचंही स्पष्टीकरण वाचायचं. अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर परीक्षेत दुसऱ्यांदा तसं येत नाही.

पुन्हा बसण्याआधी किमान 45 दिवस थांबावं लागतं. ती त्याहून बरंच जास्त थांबली आणि ते शहाणपणाचं होतं. क्लासवाले मात्र नापास झालेल्या मुलीला लगेच पुढची तारीख घ्यायला लावतात, तापल्या तव्यावर.

केंद्र तिने हैदराबादचं घेतलं. मुंबईपेक्षा ते निम्म्याहून जवळ, आणि बल्लारशाहहून रात्रीची गाडी मिळते. सोबत नवरा होता. केंद्रावर पासपोर्ट, फोटो, सही आणि तळहाताच्या शिरांचं स्कॅन. फोन बंद करून पिशवीत सीलबंद. घड्याळसुद्धा बाहेर. लिहायला पुसता येणारी पाटी. दोन तासांनी पहिली सुट्टी मिळते, साडेतीन तासांनी दुसरी, पण घ्यायची की नाही ते आपल्यावर, आणि ती वेळ पाच तासांतूनच जाते. पहिल्या वेळी तिने सुट्टी घेतली नव्हती आणि शेवटचे प्रश्न डोळ्यांसमोर पळत होते. या वेळी तिने दोन तासांनी उठून पाणी प्यायलं, तोंड धुतलं. परीक्षा शंभराच्या पुढे कधीतरी थांबली. आकडा बघायचं तिने टाळलं.

निकाल पास आला. रुग्णालयात पेढे वाटले गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून विचारणा सुरू झाली की कधी जाणार. उत्तर लवकर मिळणारं नाही. अमेरिकेत परिचारिकांना बहुधा ईबी-3 या वर्गात कायमचा व्हिसा मिळतो आणि भारतात जन्मलेल्यांसाठी त्या रांगेतल्या तारखा दहा वर्षांहून जास्त मागे चालल्या आहेत. एजंट हे सांगत नाहीत. एकाने तिच्यापुढे करार ठेवला होता, मध्येच सोडलं तर मोठा दंड. दिराने वाचून परत केला. हीच परीक्षा कॅनडाने 2015 पासून आणि ऑस्ट्रेलियाने 2020 पासून स्वीकारली आहे, म्हणून आता ती तिकडचे नियम वाचते आहे. काही ठिकाणी पदवी मागतात, त्यासाठी जीएनएमनंतरच्या दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बीएस्सीचा अर्ज तिने भरून ठेवलाय. इंग्रजीची परीक्षा अजून व्हायची आहे. लिहिण्या-वाचण्यात ती ठीक आहे, बोलण्यात अडते. सध्या आमचं रोज संध्याकाळी फोनवर अर्धा तास इंग्रजी चालतं. ती मला वॉर्डातल्या रुग्णांचा हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना द्यायची माहिती, नाव न घेता देते, आणि मी मध्येच टोकते.